मोटारीचें निदानपंचक

वैद्याच्या घरीं रोगी जातो तेव्हां तो रोगाचें नांव सांगत नाहीं, त्रास सांगतो. डोकें दुखतें, अन्न पचत नाहीं, रात्रीं झोंप येत नाहीं, हें झालें रोग्याचें गाऱ्हाणें. त्या त्रासाच्या मागें कोणता दोष दडला आहे हें शोधून काढणें हें वैद्याचें काम. डोकें दुखतें म्हणतांच जो वैद्य कपाळाला लेप लावून मोकळा होतो, त्याच्या दारीं तोच रोगी आठ दिवसांनीं पुन्हां उभा राहतो. माणसांच्या बाबतींत ही गोष्ट सर्वांस पटते. परंतु ती यंत्रांसही तितकीच लागू आहे, हें आम्हांस वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, सातासमुद्रांपलीकडे, एका जुन्या मोटारीनें शिकविलें. आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. यंत्रविद्येशीं आमचा संबंध सायकलच्या पंक्चरापलीकडे कधीं गेला नव्हता. तेव्हां हा लेख कोणा यंत्रज्ञाचा नसून एका उशिरा शिकूं लागलेल्या विद्यार्थ्याचा आहे, असें समजूनच वाचकांनीं तो वाचावा.

सन २०२४ च्या एप्रिल महिन्यांत आम्ही उभयतां अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतीं आमच्या कन्येकडे सहा महिने राहावयास गेलों. कन्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत काम करते. तिला पहाटे साडेपांचाला घर सोडावें लागतें. जावईबापूंची नोकरी त्याच हिवाळ्यांत सुटली होती. घरांत पांच वर्षांची नात. त्यांच्या वस्तींतून रुग्णालयाकडे जाणारी बस नाहीं. त्यामुळें मोटार ही तेथें थाटाची वस्तु नसून पायांतल्या वहाणेइतकी गरजेची वस्तु आहे. त्यांची मोटार जपानी बनावटीची, संकरित जातीची, २००८ सालीं तयार झालेली आणि दुसऱ्याच्या हातून घेतलेली होती. दीड लाख मैल ती धांवली होती. कारखान्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. वार्धक्य सर्वच कुळांत येतें.

या सोळा वर्षांच्या मोटारीचीं गाऱ्हाणीं तीन होतीं. पहाटे सुरू करतांना कधीं कधीं दिवे मिणमिणत, दारांचीं कुलुपें आपोआप उघडत व मिटत, आणि गाडी ‘तयार’ ही खूण दाखवीतच नसे. दुसरें, थंड इंजिन सुरू झालें म्हणजे मिनिटभर सर्व गाडी हिंव भरल्यासारखी कांपे. आणि तिसरें, अधूनमधून चालकापुढील फलकावर तांबडा त्रिकोण उजळे आणि गाडीचा जोर एकदम निम्म्यावर येई. एका दुरुस्तीच्या कारखान्यांत ती दाखविली असतां तेथील तरुणानें एक चिमुकलें यंत्र जोडलें, ‘पी०ए८०’ असा संकेतांक वाचला, आणि मोठी बॅटरी बदलावी लागेल, खर्च साडेतीन हजार डॉलर, असें पांच मिनिटांत सांगून टाकलें. एकाच पगारावर चालणाऱ्या त्या घरांत ही रक्कम म्हणजे दीड महिन्याचें घरभाडें होतें.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर जावईबापू म्हणाले, “बाबा, गाडी विकून टाकावी हें बरें. पण विकली तरी दुसरीला पैसे लागणारच.”

कन्या बराच वेळ गप्प होती. मग ती म्हणाली, “बॅटरी बदलली, आणि तरीही बंद पडली तर?”

हा प्रश्न आमच्या मनांत रुतून बसला. कारण त्या तरुणानें तिन्ही गाऱ्हाण्यांपैकीं फक्त एकाचा विचार केला होता, आणि त्याचाही विचार केला होता असें म्हणवत नाहीं. त्यानें केवळ वाचलें होतें.

येथें संकरित मोटार म्हणजे काय हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. एका जुवाला दोन बैल जुंपावे त्याप्रमाणें अशा गाडींत पेट्रोलचें इंजिन व विजेची मोटर हीं दोन्हीं एकाच कामीं जुंपलेलीं असतात. मंद गतीनें जातांना मोटर ओढते, चढावर दोघें मिळून ओढतात, आणि ब्रेक दाबतांना जी शक्ति एरवीं उष्णतेच्या रूपानें वायां जावयाची, ती विजेच्या रूपानें बॅटरींत परत जमा होते. ही कल्पना अगदीं नवी नाहीं. फर्डिनांड पोर्शे यांनीं सन १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियांत अशी गाडी बनविली होती. परंतु सामान्य गृहस्थाच्या दारीं ती पोहोंचली ती १९९७ च्या डिसेंबरांत, जपानांत विक्रीस आलेल्या टोयोटाच्या ‘प्रियस’मुळें.

या गाडींत बॅटऱ्या दोन असतात. थोरलीचें उदाहरण म्हणून प्रियसच्या दुसऱ्या पिढीची बॅटरी घेऊं. तींत निकेल-मेटल हायड्राइड जातीचे, प्रत्येकीं १.२ व्होल्टचे १६८ घट असतात. सहा घटांची एक पेटी, अशा २८ पेट्या एकापुढें एक जोडून २०१.६ व्होल्टचा दाब तयार होतो. धाकटी बॅटरी मात्र साध्या मोटारींत असते तशी बारा व्होल्टचीच. वाचकांस वाटेल कीं, थोरली एवढी बलाढ्य असतां धाकटीची काय मातब्बरी? पण खरी गंमत येथेंच आहे. थोरल्या बॅटरीची वाट उघडणारे रिले आणि सर्वांस हुकूम देणारे संगणक हे धाकटीच्या विजेवर जागे होतात. पेढीची तिजोरी भरलेली असावी, पण किल्ली म्हाताऱ्या मुनिमाच्या कमरेला असावी, तशांतलाच हा प्रकार. मुनीम आजारी पडला कीं तिजोरी असून नसल्यासारखी. शिवाय साध्या मोटारींत बॅटरी क्षीण झाली म्हणजे स्टार्टर रडत रडत फिरतो आणि मालकाला आगाऊ सूचना मिळते. संकरित गाडींत बहुधा इंजिन फिरविण्याचें काम मोठ्या विजेवरची मोटरच करते. त्यामुळें धाकटीचें रडणें कानांवर येतच नाहीं. एके दिवशीं ती मुकाट्यानें डोळे मिटते.

आतां त्या संकेतांकाविषयीं. अमेरिकेंत १९९६ सालापासूनच्या मोटारींस चालकाच्या गुडघ्यांजवळ सोळा टोकांचें एक जोडस्थान असतें. त्यांत वाचनयंत्र बसविलें कीं गाडीच्या संगणकानें नोंदलेले दोष संकेतांकांच्या रूपानें वाचतां येतात. पी०ए८० याचा छापील अर्थ ‘संकरित बॅटरी बदला’ असाच आहे. तेव्हां तो तरुण खोटें बोलला नव्हता. परंतु संगणकाला बॅटरीच्या पोटांत डोकावतां येत नाहीं. त्याला दाब, प्रवाह आणि उष्णता एवढेंच कळतें. पेट्यांच्या एखाद्या जोडीचा दाब इतर जोड्यांहून फार उतरतो असें दिसलें कीं तो हा अंक लिहून ठेवतो. तो दाब पेट्या जीर्ण झाल्यामुळें उतरला, जोडपट्टीवर गंज चढल्यामुळें उतरलासा दिसला, कीं बॅटरी अतिशय तापल्यामुळें उतरला, याचा निवाडा त्या अंकांत नसतो.

आयुर्वेदांत, विशेषतः माधवकराच्या ‘माधवनिदाना’मुळें प्रसिद्ध असलेलें, निदानपंचक आहे. निदान म्हणजे कारण. पूर्वरूप म्हणजे रोग येण्यापूर्वीं दिसणारीं चिन्हें. रूप म्हणजे प्रकट लक्षणें. उपशय म्हणजे अमुक उपाय केल्यानें उतार पडतो कीं नाहीं यावरून घेतलेली परीक्षा. आणि संप्राप्ति म्हणजे कारणापासून रोगापर्यंतची वाट. पी०ए८० हें या पांचांपैकीं केवळ रूप आहे, आणि साडेतीन हजार डॉलर खर्चावयाचे ते केवळ रूपावर! हें आम्हांस मानवेना.

दुसऱ्याच दिवशीं आम्हीं एक वही आणवून तींत रकाने आंखले. तारीख, वेळ, हवा थंड कीं उष्ण, इंजिन निवालेलें कीं तापलेलें, किती मैल झाले, गाडींत कोण कोण होतें, आणि काय घडलें. जावईबापूंनीं पंचवीस डॉलरांचें एक वाचनयंत्र विकत घेतलें. ते संकेतांक उतरून देऊं लागले. वही पाहून ते हंसून म्हणाले, “बाबा, गाडींत कोण होतें हें कशाला?” आम्हीं म्हटलें, “पस्तीस वर्षें हजेरी घेतली आहे. ती खोड आतां जात नाहीं.”

पहिलें गाऱ्हाणें लवकर मिटलें. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या धाकट्या बॅटरीचा दाब मोजला, तो ११.८ व्होल्ट भरला. निरोगी भरलेल्या बॅटरींत तो १२.६ च्या आसपास असावा लागतो. तिच्यावरील छापावरून ती आठ वर्षांची ठरली. नवी बसवितांच मिणमिणणारे दिवे स्थिर झाले आणि कुलुपांचें भूत उतरलें. योगायोगानें पुढील दहा दिवस तांबडा त्रिकोणही दिसला नाहीं. आम्हांस विलक्षण आनंद झाला. सर्व रोगांचें मूळ आपल्याला सांपडलें, अशा समजुतीनें आम्हीं कन्येस सांगितलें, “आतां निर्धास्त जा.”

अकराव्या दिवशीं ती नातीला घेऊन एका मैत्रिणीकडे गेली होती. परतींच्या वाटेवर महामार्गावर त्रिकोण उजळला आणि गाडीचा जोर गेला. मागून मालवाहू गाड्या कर्णे वाजवीत अंगावर येत होत्या. तिनें कशीबशी गाडी कडेला घेतली. फोनवर तिचा आवाज कांपत होता, आणि मागें नातीचें रडणें ऐकूं येत होतें. त्या वेळीं आम्हांस जी लाज वाटली ती शब्दांत सांगतां येत नाहीं. ‘निर्धास्त जा’ हे शब्द आमचे होते. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एक गांठ पडली कीं कावळ्यानेंच फळ पाडलें असें म्हणूं नये, हा काकतालीय न्याय आम्हीं शेंकडों मुलांस शिकविला, आणि प्रसंग येतांच स्वतः विसरलों. धाकटी बॅटरी रोगी होतीच. पण एका देहांत दोन रोग असूं शकतात, हें ध्यानांत आलें नाहीं. त्या दिवसापासून मोठ्या रस्त्यावर गाडी न्यावयाची नाहीं, असें ठरलें; आणि आम्हीं पुन्हां वही उघडली.

मधल्या काळांत दुसऱ्या गाऱ्हाण्याचा, म्हणजे कांपऱ्याचा, निकाल लागला. त्या वेळीं यंत्र ‘पी०३०२’ असा अंक दाखवी. याचा अर्थ, दुसऱ्या सिलिंडरांत इंधन नीट पेटत नाहीं. पण न पेटण्याचीं कारणें अनेक. प्लग झिजलेला असेल, त्याला वीज देणारी कॉइल फुटलेली असेल, पेट्रोलचा फवारा चोंदलेला असेल, किंवा इंजिनाच्या माथ्याखालील गॅस्केट फुटून रात्रभरांत गार करणारें पाणी आंत झिरपत असेल. शेवटचें कारण सर्वांत भयंकर, म्हणून त्याची परीक्षा प्रथम घेतली. पाण्याच्या टांकीवर पेनानें रेघ ओढली आणि गाडी निवालेली असतां दोन आठवडे रोज पाहिली. पाणी रेघेवरच होतें. मग जावईबापूंनीं दुसऱ्या सिलिंडरावरील कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरील दुसऱ्यावर बसविली. इतर कशालाही हात लावला नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहाटे यंत्रानें ‘पी०३०३’ असा अंक दाखविला. दोष कॉइलीबरोबर चालत दुसऱ्या घरीं गेला होता! जेथें ती कॉइल तेथें कांपरें, जेथें ती नाहीं तेथें कांपरें नाहीं. नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक याहून स्पष्ट आम्हीं कोठें पाहिला नाहीं. साठ डॉलरांत नवी कॉइल आली आणि हिंव थांबलें.

राहिला तो तांबडा त्रिकोण. जूनच्या मध्यापर्यंत वहींत त्याच्या सात नोंदी झाल्या. सातही वेळां दुपार होती आणि हवा उष्ण होती. परंतु तितकेच मैल, तितक्याच उन्हांत, जावईबापू एकटे गेले असतां कांहीं घडलें नव्हतें. मग हजेरीच्या रकान्यावर बोट ठेवून वाचूं लागलों, तों सातही ओळींत एक नांव समान निघालें. तें नातीचें होतें.

त्याच संध्याकाळीं भेटीस आलेल्या एका परिचित बाई हंसत म्हणाल्या, “पोरीचा पायगुण हो, दुसरें काय!” त्यांच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें. पण पोर दाराआड उभी होती. रात्रीं गोष्ट सांगावयास बसलों तेव्हां ती हळूच म्हणाली, “आजोबा, माझ्यामुळें गाडी आजारी पडते का?”

अनुमान चुकलें तर मोटारीचें नुकसान होतें एवढेंच आम्ही समजत होतों. तें एका लेंकराच्या मनालाही लागूं शकतें, हें त्या रात्रीं कळलें. नात आणि त्रिकोण यांचें साहचर्य खरें होतें. वही खोटें बोलत नव्हती. उणीव होती ती संप्राप्तीची. पायगुण म्हणणारा माणूस साहचर्य पाहून थांबतो; शोधणारा विचारतो, कोणत्या वाटेनें?

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही स्वतः तिच्या आसनाशेजारीं मागील बांकावर जाऊन बसलों. नात बरोबर असली म्हणजे तिचें सामानही असे: कपड्यांची फुगीर पिशवी आणि लोंकरी पांघरूण. हें सर्व बांकाच्या कडेला, कोपऱ्यांत कोंबलें जाई. पिशवी उचलली तों मागें एक प्लॅस्टिकची जाळी दिसली. जावईबापूंनीं गाडीची पुस्तिका आणून वाचली. थोरली बॅटरी मागील बांकाच्या पाठीशीं असून तिला गार ठेवणारा पंखा याच जाळींतून गाडींतली हवा ओढून घेतो. ती कधीं झांकूं नये, असें तींत स्पष्ट लिहिलें होतें. उन्हांत, लांबच्या वाटेवर, बॅटरी कामानें तापत होती आणि तिच्या नाकावर आम्ही पांघरूण दाबून ठेवीत होतों!

तरीही या खेपेस ‘निर्धास्त’ हा शब्द आम्हीं उच्चारला नाहीं. जावईबापूंनीं बॅटरीची उष्णता फोनवर दिसेल अशी व्यवस्था केली. पिशवी जागेवर ठेवून गाडी गांवांतल्या रस्त्यांवर फिरविली, तों आंकडा भराभर चढूं लागला. पिशवी काढली, तों तो चढावयाचा थांबला. पण खालीं उतरावयास फार वेळ लागला. यावरून आंतही कांहीं अडथळा असावा असा तर्क झाला.

आंतील काम मात्र घरीं करण्यासारखें नव्हे, हें आम्ही आग्रहानें सांगतों. नारिंगी आवरणाच्या तारांतून वाहणारी वीज माणसाचा प्राण घेऊं शकते, आणि गाडी बंद केल्यावरही ती कांहीं काळ आंत सांठून राहते. पोर्टो रिकोहून येऊन तेथें स्थायिक झालेला एक वृद्ध कारागीर या गाड्यांचें काम जाणत होता; त्याच्याकडे गेलों. त्यानें रबरी हातमोजे चढविले, बॅटरीची सुरक्षा-खुंटी काढून खिशांत टाकली, आणि दहा मिनिटें स्वस्थ बसून राहिला. मग झांकण उघडलें. पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि पूर्वींच्या मालकाच्या कुत्र्याचे केंस यांचा नमद्यासारखा थर बसला होता. तांब्याच्या जोडपट्ट्यांवर हिरवा गंज चढला होता. त्यानें सर्व स्वच्छ केलें आणि प्रत्येक जोडीवर भार घालून दाब मोजला. एक जोडी इतरांहून थोडी दुबळी निघाली. ‘दोन पेट्या बदलूं काय?’ असें आम्हीं विचारविलें. तो म्हणाला, “बदला, पण म्हाताऱ्याच्या तोंडांत एक नवा दांत बसविल्यासारखें होईल, शेजारचे हलणारच. एक वर्ष चालेल, कदाचित् दोन. तोंवर पैसे सांठवा.” त्याची मजुरी सुमारें चारशें डॉलर झाली.

म्हणजे पहिला तरुण सर्वस्वीं चुकला होता असें नाहीं. बॅटरी म्हातारी होतीच. पण साडेतीन हजार खर्चून नवी बसविली असती, तर तीही त्याच चोंदलेल्या पंख्यानें आणि त्याच पिशवीनें घुसमटली असती, आणि कन्येचा प्रश्न खरा ठरला असता. आम्ही ऑक्टोबरांत परतलों तोंपर्यंत त्रिकोण पुन्हां उजळला नव्हता. ऑगस्टांत जावईबापूंना नोकरी लागली. आतां दरमहा कांहीं रक्कम ते नव्या बॅटरीसाठीं बाजूस ठेवतात. नातीला आम्हीं सांगितलें, “तुझ्यामुळें गाडी आजारी पडली नाहीं, आमच्या पिशवीमुळें पडली. उलट तुझें नांव हजेरींत होतें म्हणून ती बरी झाली.” तेव्हांपासून जाळीवर कोणी रुमाल जरी ठेवला तरी ती ओरडून उठते.

आपल्याकडे होंडाची सिव्हिक हायब्रिड २००८ सालीं आणि प्रियस २०१० सालीं आली. त्या थोड्याच घरीं गेल्या. परंतु २०२२ पासून मारुतीची ग्रँड विटारा व टोयोटाची हायरायडर अशा संकरित गाड्या आपल्या रस्त्यांवर पुष्कळ दिसूं लागल्या आहेत. आज त्या नव्या आहेत. त्याही म्हाताऱ्या होतील. ज्यांच्या दारीं अशी गाडी असेल त्यांनीं बॅटरीच्या हवेची जाळी कोठें आहे हें आजच पुस्तिकेंत पाहावें. धाकट्या बॅटरीचें वय लिहून ठेवावें. संकेतांक निघाला तर तो पुसण्यापूर्वीं उतरून घ्यावा. दोष पुन्हां पुन्हां येत असेल तर वही घालावी, स्वस्त आणि सोपें कारण आधीं तपासावें, एका वेळीं एकच वस्तु बदलावी, आणि चार दिवस बरें वाटलें म्हणून रोग गेला असें समजूं नये. नारिंगी तारांस मात्र हात लावूं नये.

जातां जातां एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. फार वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत शेवटच्या बांकावर बसणारा एक मुलगा होता. फळ्यावरचें श्लोक तो नेहमीं चुकीचे उतरवी. आम्हीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत ‘निष्काळजी’ असा शेरा तीन वेळां लिहिला, आणि एकदां छडीही मारली. पुढें त्याच्या आईनें चष्मा आणला तेव्हां कळलें कीं, त्याला फळा दिसतच नव्हता. कारखान्यांतल्या त्या तरुणावर रागावण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तो निदान पांच मिनिटें तरी गाडीजवळ उभा होता.